चार सारखे वाटे

९ जानेवारी

शेठनं आज पैसे दिले. आपणहून दिले नाहीत. आम्ही चौघं केबिनमध्ये घुसलो तेव्हा तो म्हणाला, धंदा गुंडाळला, तुमचं पुढच्या वर्षी बघू. माझ्या जावयानं टेबलावरची काच घणाच्या एका टोल्यात खाली आणली. मी शेठला कॉलरला धरून कपाटाला टेकवलं आणि एक ठेवून दिली. लोखंड कापणाऱ्या गॅसवाल्यानं ड्रॉवरमधून चेकबुक काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि शेठच्या हातात दिलं. लंबू नुसता दारात उभा होता. तो उभा राहिला की दार भरतं.

चेक एकच, माझ्या नावानं, कारण मी मुकादम. चौघांच्या इतक्या वर्षांच्या पाडकामाचा. शेठच्या नाकातलं रक्त पहिल्या चेकवर पडलं म्हणून तो फाडून दुसरा लिहून घेतला. बँकेत असल्या गोष्टींच्या फार चौकशा करतात.

शेठ गेला, कामं काही गेली नाहीत. इमारती जुन्या व्हायच्या थांबत नाहीत. आता आमची आम्हीच कामं घेऊ.

१५ जानेवारी

मुलीच्या घरी चौघं बसलो. पैसे वाटून घेतले तर महिन्याभरात फुर्र होतील, हे प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल ठाऊक होतं. लंबूचा भाऊ टपून बसलाय. गॅसवाल्याची बायको अंथरुणाला खिळलेली, तिच्या औषधांना तळ नाही. जावयाला मोटरसायकल दिसतेय. शेअर घ्यायचे ही कल्पना लंबूची. जेवायच्या सुट्टीत तो मोबाईलवर तेच बघत असतो.

ठरलं ते असं. पैशाचे चार सारखे वाटे करायचे. प्रत्येकानं एक कंपनी सांगायची, तिच्यात एक वाटा घालायचा. कंपनी कुणाचीही असो, नफा-तोटा चौघांचा. वर्षभर हात लावायचा नाही, आणि चौघांनी हो म्हटल्याशिवाय विकायचं नाही. मी सिमेंट सांगितलं. आपण पाडतो तिथे कुणीतरी बांधणारच. लंबूनं रंगाची कंपनी सांगितली. गॅसवाला म्हणाला, माझी अर्धी कमाई ज्या औषधवाल्यांकडे जाते त्यांचाच शेअर घ्या, थोडं तरी परत येईल. जावई बॅटरीच्या कंपनीवर अडून बसला.

खातं माझ्या नावानं, पण मोबाईलवरचं सगळं मुलगी बघणार. ती चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते, हिशोबाला पक्की आहे. पासवर्ड तिनंच ठरवला. मी म्हटलं, मलासुद्धा सांगू नकोस, मी कुठेतरी बोलून बसेन. ती म्हणाली, बाबा, मग मला पण नको, लंबूकाकांकडे असू दे. मी म्हटलं, घरातली किल्ली बाहेर कशाला? जावई हसला. म्हणाला, बरोबर आहे मामा, घरातलं घरातच बरं.

कामावर मी त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला मुकादम म्हणतो. घरी मी अहो जावईबापू आणि तो मामा. बूट दाराबाहेर काढले की आमची भाषा बदलते. मुलीसाठी मीच त्याला हेरलं. ब्रेकर मशीन दिवसभर छातीशी धरून काँक्रीट फोडतो आणि संध्याकाळी हात थरथरत नाहीत. असा माणूस बायकोला उपाशी ठेवणार नाही.

३ फेब्रुवारी

शेअर घेतले. वाटे कागदावर सारखे, पण शेअर काही अर्धा मिळत नाही. औषधवाल्यांचा एकेक महाग. एक जास्त घेतला तर वाटा फुगतो, नाही घेतला तर किरकोळ दिसतो. गॅसवाला कुरकुरला, माझ्याच वाट्याला खोट. मुलीनं समजावलं, काका, उरलेली चिल्लर खात्यातच आहे, पळून जात नाही. तिची आई असंच बोलायची, आवाज न चढवता. समोरच्याचा राग आपोआप खाली बसायचा.

१२ मार्च

जुन्या थिएटरचं पाडकाम सुरू झालं. बाल्कनी उतरवत होतो. गॅसवाल्यानं मी हात खाली करायच्या आधीच सळया कापल्या. स्लॅबचा तुकडा लंबूच्या खांद्याला घासून गेला. मी खाली उतरलो आणि गॅसवाल्याच्या कानाखाली दोन वाजवल्या. त्याचं हेल्मेट उडून राडारोड्यात गेलं. त्यानं ते उचलून पुन्हा घातलं. अशा थपडा मी आयुष्यभर मारत आलोय आणि माझ्या हाताखाली एकही माणूस मेलेला नाही.

बॅटरी वर चाललीय. बाकी तिघं जागच्या जागी पाय आपटतायत. जावई सगळ्यांना भाव मोठ्यानं वाचून दाखवतो.

२९ मार्च

जावयाचं म्हणणं, बाकी तीन विकून सगळं बॅटरीत टाका. मी नाही म्हटलं. चार म्हणजे चार. तो म्हणाला, मुकादम, तुम्ही लंगड्या घोड्यांना पण दाणा घालताय. लंबू हसला. गॅसवाला हसला नाही.

संध्याकाळी मुलीकडे गेलो. ऊन मी म्हणतंय आणि हिनं मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर घातलेला. दुकानात एसी फार असतो म्हणाली. मग चहा देता देता परत तेच, बाबा, तो पासवर्ड दुसऱ्या कुणाला द्या ना. मी म्हटलं, तुझ्याइतकं विश्वासाचं कोण आहे? तिनं बाह्या आणखी खाली ओढल्या. पोरगी जबाबदारीला घाबरते. सवय होईल.

६ एप्रिल

औषध कंपनीच्या कारखान्याला सरकारनं टाळं ठोकलं. भेसळ सापडली म्हणे. शेअर एका दिवसात निम्म्यावर आला.

कामावर जावयानं गॅसवाल्याला विचारलं, तुझी बायको पण त्याच भेसळीवर जगतेय का? गॅसवाल्यानं पेटता कटर बाजूला ठेवला, आधी तो नीट बंद केला, आणि मग त्याच्या अंगावर गेला. जावयानं पहार आडवी फिरवली. ती तोंडावर बसली. दात पडल्याचा आवाज येत नाही, पण मी खाली वाकलो तेव्हा विटांच्या चुऱ्यात दोन दिसले. जावई पुन्हा पहार उचलत होता. मी हेल्मेटनं त्याच्या कपाळावर मारलं, फुटेपर्यंत. हेल्मेट फुटलं, कपाळ नाही.

मग लंबूनं चहा मागवला. गॅसवाल्यानं एका गालानं प्यायला. गँगमध्ये असं होतंच. डोकी गरम होतात आणि थंड होतात.

७ एप्रिल

मुलीचं मनगट मोडलं. काल रात्री जिन्यावरून पडली म्हणे. एक संकट आलं की त्याच्यामागे दुसरं रांग लावतं.

१० एप्रिल

त्यांच्या जिन्याला कठडा बसवावा म्हणून पाइप आणि क्लॅम्प घेऊन गेलो. जिन्याला कठडा आहे. दोन्ही बाजूंनी, चांगला मजबूत. हलवून पाहिला, ढिम्म हलला नाही. पायऱ्याही नीट आहेत. वेंधळी आहे पोरगी, लहानपणीही सपाट जमिनीवर पडायची. पाइप परत घेऊन आलो.

जावई फार प्रेमानं वागला. तिला पाणीसुद्धा स्वतः आणून दिलं. ती ते प्यायली नाही, हातात धरून बसली.

२८ मे

बॅटरी तिप्पट झाली. आता पंचाईत अशी की चार वाटे सारखे उरलेच नाहीत. एकट्या बॅटरीचा डोंगर आणि बाकी तीन उंबरठे. लंबू म्हणाला, हे धोक्याचं आहे, उद्या बॅटरी पडली तर सगळंच पडेल. बॅटरीतलं वरचं विकायचं आणि बाकीच्यांत घालून चारही पुन्हा सारखे करायचे. मला पटलं. सुरुवातीलाच ठरलं होतं ना, चार सारखे?

जावई म्हणाला, माझा शेअर कापून त्या भेसळीत घालणार? हात लावून बघा. मी म्हटलं, शेअर तुझा नाही, चौघांचा आहे. तो म्हणाला, चौघांचं हो लागतं, माझं नाही आहे. नियम त्याच्या बाजूनं होता. मग मी म्हटलं, आजपासून तिघांचं हो पुरे. मुकादम मी आहे. तो वळला. ब्रेकर घेऊन कॉलमवर गेला आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही. पाणीसुद्धा प्यायला नाही.

मी मुलीला फोन केला, बॅटरीचे इतके विक. ती म्हणाली, "बाबा, आज नको. तो घरी यायचाय. परवा करते." मी म्हटलं, बाजार तुझ्या सोयीनं चालतो का? थोडा आवाज चढवला. तिनं विकले. सगळं पुन्हा सारखं झालं. बरं वाटलं.

३० मे

बॅटरी आणखी वर. मुलीचा फोन लागत नाही.

४ जून

बॅटरी वर. मुलगी दुकानात गेली नाही, ताप आहे म्हणे. जावईच फोनवर बोलला. म्हणाला, मामा, तुम्ही विकायला लावलं नसतं तर आज किती झाले असते, मी रोज हिशोब करतो.

९ जून

बॅटरी वर. मुलगी पाच मिनिटं भेटली, दारातच. काळा चष्मा. डोळे आलेत म्हणाली, आत येऊ नका, तुम्हाला लागण होईल. म्हणाली, बाबा, सगळं विकून चौघांना वाटून टाका ना. मी म्हटलं, वर्ष व्हायचंय. ती हो म्हणाली आणि दार लावलं.

जावयानं पासवर्ड काढून घ्यायचा प्रयत्न केला असेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पोरगी पक्की आहे. तिनं सांगितला असता तर बॅटरी परत विकत घेतली गेली असती. खातं जसंच्या तसं आहे. मला अभिमान वाटला.

१४ जून

बॅटरी वर. काम बरं चाललंय. थिएटरचा पडदा असायचा ती भिंत आज पाडली.

२६ जून

जामिनावर सुटून आलो. लंबूनं सोडवलं. जसं घडलं तसं लिहितो.

गुरुवारी दुपारी गॅसवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जावई कामावर आला नव्हता. गॅसवाल्यानं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मुकादम, काल बायकोला दवाखान्यात नेलं होतं. तिथे तुमची मुलगी होती. नर्स पट्टी बदलत होती. पाठीवर चटके आहेत. इस्त्रीचे."

मी त्याला मारलं. विचार करून नाही. हात गेला आणि तो पडला. तो उठला, तोंडातलं रक्त थुंकला.

"मारा अजून," तो म्हणाला. "मग जाऊन बघा. बायकोला तिनंच सांगितलं, पासवर्ड मागतोय तो तिच्याकडे. मार्चपासून."

मी घण उचलला. लंबूनं टेम्पो काढला, गॅसवाला मागे चढला. वाटभर घण मांडीवर होता. मला मनगट दिसत होतं, स्वेटर दिसत होता, तो कठडा दिसत होता. हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि घरी येऊन नीट अक्षरात लिहिलं होतं.

दार आतून बंद. कान लावला. तिचा आवाज नव्हता. त्याचाच होता, हळू, लहान मुलाला शिकवावं तसा. पहिलं अक्षर सांग. फक्त पहिलं. मी बिजागरीवर टोला घातला. दुसऱ्याला दार आत पडलं.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. त्यानं तिचे केस मुठीत पिळून धरले होते, समोर मोबाईल, दुसऱ्या हातात इस्त्री, वायर भिंतीला लावलेली. मला बघून त्यानं केस सोडले. म्हणाला, मामा, हे आमचं घरातलं आहे.

मी गुडघ्यावर मारलं. कुठे मारलं की काय बसतं हे मला कळतं, आयुष्यभर तेच केलंय. तो खाली आला. इस्त्री त्याच्याच मांडीवर पडली आणि तो ओरडायला लागला. मग मी हातावर मारलं, कोपराच्या वर. ज्या हातांच्या जोरावर मी त्याला मुलगी दिली त्यातल्या उजव्यावर. तो हात भलत्याच बाजूला वळला. तिसऱ्यांदा घण वर गेला तेव्हा त्याचं डोकं खाली होतं. लंबूनं मागून मला कवेत धरलं आणि भिंतीवर आपटलं. नाहीतर आज मी जामिनावर नसतो.

लंबूनं सोडल्यावर मी मुलीकडे गेलो. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, मोडलेला वर आणि धड हात त्याच्याखाली, आणि अंग चोरून ओट्याखाली सरकली. मी म्हटलं, अगं मी आहे. बाबा आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली.

हात खाली घेतले नाहीत. तेव्हा मला कळलं की घण अजून माझ्या हातात आहे. पण तेवढंच नव्हतं ते. गॅसवाला पुढे आला, माझ्या हातातून घण काढून घेतला आणि बाहेर ठेवून आला. मग तिच्यापासून थोडा लांब जमिनीवर बसला. सुजलेल्या तोंडानं म्हणाला, चल बेटा, काकू वाट बघतेय. ती त्याचा हात धरून उठली.

पोलिसांनी आम्हा दोघांवर केस केली. तो हॉस्पिटलमध्ये आहे. गुडघा पुन्हा वाकणार नाही, डॉक्टर म्हणाले. मला पश्चात्ताप होतो का असं इन्स्पेक्टरनं विचारलं. मी म्हटलं, नाही. अजूनही नाही. झोप मात्र येत नाही.

५ जुलै

मुलगी गॅसवाल्याकडेच राहतेय. माझ्याकडे तिची खोली मोकळी आहे, मी ती झाडून घेतली, पलंगावर नवी चादर घातली. लंबूजवळ निरोप पाठवला. तिनं उलटा निरोप पाठवला की सध्या इथेच बरं आहे. लंबू नजर चुकवून बोलत होता. मी म्हटलं, गॅसवाल्याच्या घरी आधीच एक आजारी. तो म्हणाला, मुकादम, राहू दे तिला.

सगळे माझ्याशी बोलताना आता हातभर अंतर सोडतात, की आधीपासूनच सोडत होते?

१३ जुलै

पोलिसांनी मुलीला जबाब द्यायला बोलावलं होतं. मी स्टेशनच्या दारात उभा राहिलो. तिनं मला बाहेरच थांबायला सांगितलं आणि एकटी आत गेली. खूप वेळ बोलत होती. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मधे एकदा तिनं हात उचलून दाखवलं, असं मारलं म्हणून. लिहून घेणाऱ्या बाईनं पेन थांबवलं.

मी तिला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

२१ जुलै

सगळं विकलं. वर्ष झालं नाही, पण तिघांचं हो होतं आणि चौथ्याला विचारायचं कारण नव्हतं. मुलीनं मोबाईलवर एकेक करून विकले. गॅसवाल्याच्या घरी, बिछान्याच्या कडेला बसून. सिमेंटमध्ये थोडं सुटलं, रंगात जवळजवळ काही नाही, औषधात बुडाले, बॅटरीनं सगळं भरून काढलं. भाव वाचून दाखवताना तिचा आवाज बॅटरीपाशी अडकला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता वाटे. लंबू म्हणाला, तीन करा, त्या जनावराला एक पै देऊ नका. मी म्हटलं, तुम्हा दोघांचे दोन, त्याचा आणि माझा मिळून तिला. गॅसवाल्यानं मुलीकडे पाहिलं. तिनं आमचं ऐकून घेतलं.

"चारच करा," ती म्हणाली. "ठरलं होतं तसे. त्याचा त्याला द्या, वकिलाकडून. त्याचं काही आपल्याकडे राहायला नको. आणि मला यातलं काही नको."

मी म्हटलं, तू एवढं सोसलंस ते याच्यासाठीच ना? ती म्हणाली, "बाबा, पैशासाठी नाही. तुम्ही कुणालाच सांगू नकोस म्हणाला होता, म्हणून."

चार केले. सारखे.

२ ऑगस्ट

तिनं भेटायला बोलावलं. निरोपात सांगितलं होतं, रिकाम्या हातानं या. मी फळं घेणार होतो, नाही घेतली.

गॅसवाल्याची बायको बिछान्यातून हसली, मला बस म्हणाली. गॅसवाला कामावर होता. मुलीचा हात आता मोकळा आहे. मनगट थोडं वाकडं बसलंय, पण चालतं. चष्म्याच्या दुकानात पुन्हा जायला लागलीय. केस कापलेत, कानापर्यंत. मुठीत येणार नाहीत इतके.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, तेव्हाच तोडला असता त्याला.

"हेच," ती म्हणाली.

 खिडकीखालून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक करकरत होतं. तिनं चहा केला. माझ्यासमोर बशी सरकवली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली. मी कप उचलला. तो मी खाली ठेवेपर्यंत तिचे डोळे माझ्या हातावर होते.